वानवळा विकत नसतात

आई, सकाळपासून लाईट नाही. मशीन बंद आहे, बाया जेवायला घरी गेल्यात, आणि मला एका जागी बसवत नाही म्हणून हे लिहायला घेतलंय. बसवत नाही तर लिहितेस कशी, असं तू लगेच विचारशील. अगं, चार ओळी लिहिते, उठते, गच्चीवरच्या मिरच्या खालीवर करून येते, परत टेकते. उद्या स्टँडच्या रस्त्याला आपलं दुकान उघडतंय. ज्या खोलीत तू मिरची कांडप चालवलंस ती आता पुरत नाही, म्हणून गाळा घेतला. पत्र्याचा मोठा बोर्ड रंगतोय आणि त्या बोर्डावरच्या एका शब्दानं माझा जीव खाल्लाय. कुणी काही विचारलं की खेकसते. तुझ्या जावयांनी तर काल हात जोडले, म्हणाले, दुकान उघडतेस का फाशी जातेस? आनंदाचा दिवस आहे हे मला कळत नाही का? पण तो शब्द तुझा आहे. तो मी वापरायचा का नाही, हे आता कुणाला विचारू?

तुला येसर काय असतो ते मी सांगायचं म्हणजे कमालच आहे. पण आपला माल घेणाऱ्या पुण्याच्या दुकानदाराला समजावता समजावता माझं तोंड दुखलंय, त्यामुळे पाठ झालंय. ज्वारी, बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे, खोबरं, मिरची, सगळं वेगवेगळं भाजायचं, कुटायचं, डब्यात भरून ठेवायचं. घरात भाजी नसली आणि पाहुणा दारात उभा राहिला की फोडणीच्या उकळत्या पाण्याला मूठभर लावायचं, झाली आमटी, भाकरी कुस्करा आणि जेवा. लग्नघरी तर मांडवाच्या दिवशी ही आमटी पाहिजेच. एवढं सगळं ऐकून तो म्हणाला, 'म्हणजे इन्स्टंट सूप.' मी हो म्हटलं. तू नसतंस म्हटलं.

अण्णा गेल्यावर तू ते कांडपाचं मशीन घेतलंस तेव्हा गल्लीतल्या लोकांनी तोंडं वाकडी केली होती, हे मला नंतर कळलं. मला आठवतं ते एवढंच की उन्हाळा लागला की आपल्या दारात बायांची रांग. पिशव्यांत मिरच्या, नाकाला पदर, आणि शिंका. एक शिंकली की सगळ्या शिंकतात. आपल्या मिरचीत दुसरीची मिसळू नये म्हणून जी ती मशीनला डोळे लावून बसलीय, आणि तू मधे उभी, केसांना फडकं बांधलेली, सगळ्यांना दरडावतेयस. कुणी म्हणालं, जरा बारीक कर गं, तर तू म्हणायचीस, बारीक पाह्यजे तर पावडर लाव तोंडाला, मसाला हाय हा. बाया हसायच्या. आणि परत तुझ्याकडंच यायच्या, दुसरं कांडप जवळ असलं तरी.

कांडपाचे तू पैसे घेत होतीस, चोख घेत होतीस. पण येसर तू कधी विकला नाहीस. तो तू घरच्यापुरता करायचीस, आणि घरच्यापुरता म्हणजे गल्लीपुरता. कुणाच्या घरात नवी सून आली, कुणी बदली होऊन राहायला आलं, की पदराखाली वाटी घेऊन तू निघालीसच. वानवळा. शेतात पहिल्यांदा काही आलं, घरात काही निगुतीनं केलं, तर ते आधी चार घरी जाऊ द्यायचं, मग आपण खायचं. आणि वाटी परत यायची ती रिकामी कधीच नाही. कुणी मूठभर शेंगदाणे घालायची, कुणी गूळ, काहीच नसलं तर चिमूटभर साखर. रिकामी वाटी आली तर तू बोलायची नाहीस, पण त्या दिवशी भांडी जरा जोरात आपटायचीस.

त्या बँकेतल्या साहेबांच्या बायकोची गोष्ट मी कितीदा सांगितली असेल देव जाणे. ती कोकणाकडची, नुकतीच आलेली, पारनेरचं पाणी जड लागतं म्हणून रोज रडणारी. तू येसर घेऊन गेलीस, मी तुझ्यामागं होते. तिनं वाटी घेतली, वास घेतला, आत गेली आणि पाकीट घेऊन बाहेर आली. किती द्यायचे, म्हणाली. बिचारीनं चांगल्या मनानंच विचारलं होतं. तुझा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता वाटी हिसकावून घेतेस. पण तू आवाज चढवला नाहीस. म्हणालीस, 'बाई, वानवळा इकत नसतेत. पैसं द्यायचं आसल तर कांडपाला या.' आणि पाठ फिरवून चालायला लागलीस. मला वाटलं, शोभा झाली. पण पुढच्याच आठवड्यात ती बाई मिरच्यांचं गाठोडं घेऊन आपल्या दारात हजर. बदली होऊन जाईपर्यंत तिनं दुसरीकडं मसाला केला नाही.

'कांडपाला या' हे तुझं वाक्य लक्षात ठेव, यावरूनच पुढं भांडण आहे.

तू गेलीस त्याला वीसेक वर्षं होत आली. भाऊ चाकणला गेला तो तिकडचाच झाला, आणि तुझं मशीन गोणपाटाखाली. मग तुझ्या जावयांची बदली पारनेर डेपोला झाली आणि आम्ही याच घरात राहायला आलो. पहिला उन्हाळा मी नुसती त्या गोणपाटाकडं बघत काढला. दुसऱ्या उन्हाळ्यात पट्टा बदलून घेतला आणि मशीन सुरू केलं. पहिल्या दिवशी आवाज ऐकून समोरच्या घरातली म्हातारी बाहेर आली, तुझ्याबरोबर जिनं जन्म काढला ती, आणि पाटावर बसून धने निवडायला लागली. आजही भाजणीला तीच बसते. हळूहळू बाया विचारायला लागल्या, तयारच येसर देता का म्हणून. सुना नोकरीला जातात, वेगवेगळं भाजत बसायला वेळ कुणाला आहे? मी देऊ लागले. लायसन काढलं, पाकिटं आणली. आता म्हातारी धरून चौघी कामाला आहेत आणि येसराबरोबर मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला असं सगळं जातं. आई, मला कौतुक करून घ्यायचंय तुझ्याकडून, आणि लाजही वाटत नाही त्याची. हुलगा-मटकीचा आपला हा कोरडवाहू तालुका, इथं बाई शिकली तर नगरला जाते नाही तर पुण्याला, नाही शिकली तर सुप्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीची गाडी पकडते. तांबडं फुटायच्या आत घर सोडायचं आणि दिवेलागणीला यायचं. चौघींपैकी एक त्या गाडीतून उतरून आपल्याकडं आलीय. तिची पोरगी आता दुपारी शाळेतून थेट इथं येते आणि आईच्या शेजारी बसून अभ्यास करते. एवढ्याशा गोष्टीनं मला काय होतं ते तुला सांगता येणार नाही.

आता नावाचं. तुझी नात, जी तुझ्या मांडीवर बसून शेंगा मोजायची, ती पुण्यात शिकून पाकिटं-लेबलं यांचं काम करते. तिनं आपल्या येसराला नाव दिलं 'वानवळा'. मी तुझ्या गोष्टी सांगायचे त्यातनंच तिनं उचललं. घरगुती आणि गावरान या नावांची रीघ लागलीय, म्हणाली, हे नाव कुणाकडं नाही. खरं सांगते, लेबल बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नगरला बचत गटांच्या प्रदर्शनात आम्ही टेबल लावलं. (बोर्डांवर आता अहिल्यानगर झालंय, माझ्या तोंडात अजून नगरच येतं.) तिथं लोक नाव वाचून थांबत होते, अय्या, वानवळा, म्हणत होते, आमची आजी म्हणायची, म्हणत होते, आणि पाकिटं घेत होते. तिथंच तो पुण्याचा दुकानदार भेटला. त्याची चार-पाच दुकानं आहेत. दर महिन्याला माल घेईन म्हणाला, पण याच नावानं. तेवढ्या भरवशावर आम्ही गाळा घेतला.

मग मी शहाणपण केलं. तीच पाकिटं घेऊन आपल्या आठवडी बाजारात बसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वासुंद्याकडची एक आजी आली. चष्मा नाकावर आणून तिनं लेबल वाचलं, मोठ्यानं वाचलं, वा-न-व-ळा. माझ्याकडं बघितलं. म्हणाली, कुनाची गं तू? मी तुझं नाव सांगितलं. तिचा चेहरा असा उजळला, आई! म्हणाली, कांडपवालीची व्हय! मग दोन पाकिटं उचलून पिशवीत घातली, माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली आणि चालायला लागली. मला वाटलं, विसरली. मागनं हाक मारून पैशांचं म्हणाले. ती वळली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती शरमली गं. भर बाजारात कुणी चोर म्हणावं तशी शरमली. पाकिटं काढून परत ठेवायला लागली आणि पुटपुटली, 'वानवळा लिव्हलंय म्हून घेतलं, बाय.' माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. पाकिटं मी तिच्या पिशवीत कोंबली, पाया पडले, पण ती काही पहिल्यासारखी हसली नाही. त्यानंतर त्या दिवशी आणखी दोघी-तिघींनी तसंच केलं. मी कुणालाच पैसे मागितले नाहीत. शेवटी पाकिटं गोणीत टाकली आणि नुसत्या मिरच्या विकत बसले.

पुढच्या बाजारी ती आजी परत आली. पिशवीत हुलगे होते, निवडून पाखडून आणलेले, तांबूस. पाकिटं रिकामी परत द्यायची नसतात म्हणून त्याच आपल्या पाकिटांत भरून आणले होते. दोन्ही पाकिटांवर वानवळा लिहिलेलं. मी घरी येऊन ती फळीवर ठेवली आणि म्हातारीला सगळं सांगितलं. ती भाजत होती. तिनं आधी कढई खाली उतरवली. मग म्हणाली, 'इकायच्या पाकिटाला वानवळा म्हनलं, तर मग वानवळ्याला काय म्हनायचं?' तेव्हापासून ती भाजते, निवडते, कुटते, पण लेबल चिकटवत नाही. मी आग्रहही केला नाही.

पोरीला फोन करून सांगितलं. तिला आधी हसू आलं आणि मग तिनं ऐकवलं. म्हणाली, मम्मी, तू आजीला देवी करून ठेवलंयस. ती बँकेवाली बाई आठव, पैसे द्यायचे असतील तर कांडपाला या, म्हणाली ना आजी? आणि ती आली ना? नवी सून आली की वाटी, नवं बिऱ्हाड आलं की वाटी, आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच बाई रांगेत. आजी मार्केटिंग करत होती, तुझ्यापेक्षा भारी. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. फोन ठेवून दिला. दोन दिवस बोलले नाही तिच्याशी. आणि आई, त्या दोन दिवसांत मी एकच काम केलं, मनातल्या मनात सगळी गल्ली फिरून आले, कुणाकुणाला तू वाटी दिलीस आणि त्यातल्या कोण कोण कांडपाला आल्या. सगळ्या आल्या गं. एकूण एक. आता हे आठवायचं नाही म्हटलं तरी जात नाही डोक्यातून. तू पदराखाली वाटी घेऊन निघायचीस तेव्हा तुझ्या मनात काय असायचं? माया होती का धंदा होता? धंदा असेल तर मग मी नाव वापरलं तर काय बिघडलं? आणि माया असेल तर मी तुझी माया पाकिटात भरून छापील किमतीला विकतेय. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

लाईट आली. मशीन सुरू करून आले. म्हातारी आलीय, बाकीच्या येतायत. थोडंच राहिलंय, लिहून टाकते.

काल रात्री जेवताना मला माझ्या सासरचा डबा आठवला. इतकी वर्षं आठवला नव्हता असं नाही, पण असा आठवला नव्हता. लग्न होऊन मी श्रीगोंद्याकडं गेले, आणि पहिल्याच उन्हाळ्यात तू एसटीच्या कंडक्टरच्या हातात येसराचा डबा दिलास. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, माहेरचा वानवळा आला. मी डबा घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि चुलीपुढं बसून रडले. कारण मला ठाऊक होतं, वानवळा परक्या घरी जातो. घरच्या माणसाला कुणी वानवळा देतं का? घरच्यानं कुटल्या कुटल्या बोटावर घेऊन चाटायचा असतो. राखी पौर्णिमेला आले तेव्हा मी पिशवी खाली ठेवायच्या आत तुझ्याशी भांडले. म्हटलं, मला वानवळा पाठवतेस? मी काय शेजारीण झाले तुझी? तू पीठ मळत होतीस. मान वर न करता म्हणालीस, 'शेजारनीला देते ती येत ऱ्हावी म्हून. तुलाबी त्याच्यासाठीच दिला. आलीस का न्हाई?'

बघ, म्हणजे तू तेव्हाच सांगितलं होतंस. बाई येत राहावी म्हणून द्यायचा. गिऱ्हाईक म्हणून यावी का माणूस म्हणून यावी, ही फोड तू कधी केलीच नव्हतीस, ती आम्ही शिकल्या-सवरलेल्यांनी केली. तुझ्या दारात रांग होती आणि त्या रांगेतल्या प्रत्येकीच्या घरात तू जाऊन आलेली होतीस. हे कळल्यावर मला जरा मोकळं वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. कारण तू आधी दिलंस आणि मग बाई आली. मी आधी किंमत छापलीय.

म्हणून एक ठरवलंय. आपल्या दुकानात जी जी बाई पहिल्यांदा पायरी चढेल तिच्याकडून येसराचे पैसे घ्यायचे नाहीत. एक पुडी, बिनलेबलाची, कागदात बांधून द्यायची. वासुंद्याची आजी आली तर तिला, कंपनीच्या गाडीतून उतरलेली पोरगी आली तर तिला. पुण्याच्या दुकानांत काय करायचं ते मला कळत नाही, तिथं माझा हात पोचत नाही. तुझ्या नातीला हे अजून सांगितलेलं नाही, ती म्हणेल दुकान बुडवायला निघालीस. आणि म्हातारी तरीही लेबल लावणार नाहीच, मला माहीत आहे. तिचा प्रश्न तसाच राहिलाय.

आणि आता खरं सांगते. पेंटरला मी सकाळीच नाव सांगून टाकलंय, वानवळा. लाईट जायच्या आधीच सांगितलं. दुपारभर तुला विचारत बसले ते काही विचारायचं म्हणून नाही. या घरात आता सगळे मला विचारून करतात, बाया विचारतात, पोरगी विचारते, दुकानदारसुद्धा मॅडम म्हणून विचारतो. मी चुकले तर माझ्यावर ओरडणारं कुणी राहिलेलं नाही, आई. तू ओरडावंस म्हणून लिहीत होते.